रेलिक्ट म्हणजे कोण

मिऱ्या गावच्या हौसाला मुंबईच्या बोट कंपनीचे पत्र आले, तेव्हा ती अंगणात भात वाळत घालत होती. नवरा दादू कंपनीच्या बोटीवर खलाशी. आठ महिने त्याची खबर नव्हती. पत्र इंग्रजीत, म्हणून धाकटा दीर भिकाजी कोर्टातून निवृत्त झालेल्या हरिश्चंद्र कारकुनांना बोलावून घेऊन आला.

हरिश्चंद्रांनी पत्र वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. एकच ओळ होती: दादूची 'रेलिक्ट' हौसाबाई हिचा पत्ता बरोबर आहे काय, ते कळवावे.

"रेलिक्ट म्हंजे काय वो, भाऊ?" सासू येसूबाईने विचारले.

"जुना शब्द आहे," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "आता कोणी वापरत नाही. कोर्टाच्या जुन्या कागदांत मयताच्या विधवेला असं लिहायचे."

येसूबाईने हंबरडा फोडला. शेजारणी जमल्या. भिकाजीने दुपारच्या आत डोके आणि तीन वर्षे जपलेली मिशी उतरवली. एक म्हातारी बांगड्या फोडायला पुढे आली, तेव्हा हौसाने हात पदराखाली घेतले.

"कधी गेले, कुठं गेले, ते लिवलंय?"

"नाही."

"मग तो शब्द मला पुस्तकात दाखवा."

हरिश्चंद्रांना ते लागले. पस्तीस वर्षांत त्यांच्या इंग्रजीवर मुनसफानेही शंका घेतली नव्हती. तरी ते तिला शहरातल्या शाळेत घेऊन गेले. हेडमास्तरांनी जाडजूड शब्दकोश काढला. 'विधवा' असाच अर्थ होता. आपले बरोबर निघाल्याचा हरिश्चंद्रांना आनंद झाला, आणि लगेच त्याची लाज वाटली.

"खाली आणखी बारीक लिवलंय," हौसा म्हणाली.

"ते शब्दाचं मूळ," हेडमास्तर म्हणाले. "लॅटिन भाषेतलं. मागे ठेवलेली."

"मागं ठेवलेली तर मी लग्नाच्या पाचव्या दिवसापासून हाय, मास्तर," हौसा म्हणाली. " मिऱ्यावरच्या अर्ध्या बायका हायत."

तिने कुंकू पुसले नाही. हेडमास्तरांनी कंपनीला पत्र लिहून दिले, उत्तर येईना. घरात भिकाजी सुतक पाळत होता आणि हौसा पडवीत वेगळी चूल मांडून बांगडे भाजत होती. येसूबाई सकाळी सुनेशी बोले, संध्याकाळी बोलत नसे.

नवव्या दिवशी हरिश्चंद्र दहाव्याची तयारी विचारायला ओटीवर येऊन बसले होते. तेवढ्यात आगबोटीच्या पडावातून उतरलेला दादू खांद्यावर ट्रंक घेऊन अंगणात आला. भिकाजीचे डोके पाहून तो थबकला.

"कोण गेला?"

"तू," भिकाजी म्हणाला.

"मी कुठं गेलो? मी आत्ता आलो."

पत्राची हकिगत ऐकून तो ट्रंकेवरच बसला. तीन आठवड्यांपूर्वी बोट मुंबईला लागली, तेव्हा कंपनीच्या म्हाताऱ्या कारकुनाने घरी कोण असते, असे विचारले होते. "बायकोला मागं ठेवून आलोय, असं सांगितलं मी. त्यानं किती वेळ शब्दांचं जाडजूड पुस्तक चाळलं. मला वाटलं, शिकलेला माणूस हाय. मग रजेची वाट बघत बसलो."

हरिश्चंद्र ओटीवरून उतरले आणि चपला शोधू लागले. येसूबाईने मुलाच्या पाठीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. हौसा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यावरच बसून हमसाहमशी रडू लागली.

"आता गो कशाला रडतंस?" येसूबाई म्हणाली. "नऊ दिवस डोळ्यातनं टिपूस काढलं नायस."

"तेव्हा रडले असते," हौसा म्हणाली, "तर तुमच्यासारखं मी बी ते खरं धरलं, असं झालं असतं."