ठकूबाईचा हात

माणसांना बदलायला लावणं ही एक कला आहे आणि ती मला येते! निदान दोन हजार तीन सालच्या द्राक्षाच्या हंगामात मला तसं ठामपणे वाटत होतं. कारण आमच्या सावळेराम शेठनी मला पुण्याला ट्रेनिंगला धाडलं होतं. विषय होता, कामगार बदलाला विरोध करतात तेव्हा काय करावं. थंडगार हॉल, टाय लावलेले सर आणि दुपारी श्रीखंड-पुरी. सरांचा पहिला सल्ला मी पाठ केला: बदल छातीठोकपणे जाहीर करा. दुसराही केला: ज्याला तो बदल आधीच जमलाय असा एकजण शोधा आणि सगळ्यांसमोर त्याचं कौतुक करा. तिसरा सल्ला श्रीखंडानंतर आला. त्या वेळी सरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता, एवढंच आठवतं.

शेठचं पॅकहाऊस राजुरीजवळ. मी, अमृत, तिथला सुपरवायझर. मी नुसता फिरायचो, काम करायच्या त्या बाया. घड हातात घेतला की त्यातला खराब मणी त्यांच्या कात्रीला न बघताच सापडायचा. शेजारच्या मण्याला धक्का नाही, वरची पांढरी लव पुसली जायची नाही, आणि तोंडानं गावातल्या सगळ्या सुनांची चौकशी चालूच. अशी माणसं मी दुसरीकडे कुठं पाहिली नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

भानगड होती बांगड्यांची. परदेशात कुणा मडमेला द्राक्षाच्या पेटीत हिरव्या काचेचा तुकडा सापडला होता. व्यापाऱ्यानं बजावलं की यंदा पॅकहाऊसमध्ये उघडी काच दिसली तर माल घेणार नाही. माल गेला नाही की पॅकहाऊसला कुलूप, आणि बाया पुन्हा लोकांच्या शेतात उन्हातान्हात खुरपायला. माझी नोकरीही त्याच पेटीत भरलेली होती. परवा तपासणीचे साहेब मुंबईहून येणार होते.

मी बायांना गोळा केलं आणि छातीठोकपणे जाहीर केलं की उद्यापासून हातात बांगडी नको. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग मी दुसरा सल्ला काढला. बिनबांगडीचा हात शोधायला नजर फिरवली, तर समोरच ठकूबाई! दोन्ही हात मोकळे. मी तिला पुढं बोलावलं, तिचा हात धरून उंच केला आणि म्हणालो, "हा हात बघा. उद्यापासून प्रत्येकीचा हात असाच दिसला पाहिजे."

टाळ्यांसाठी मी थांबलो. टाळ्या आल्या नाहीत. ठकूबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं! पण त्या क्षणी मला फक्त हात दिसत होता, बाई दिसतच नव्हती. बाया एकेक करून निघून गेल्या आणि त्यांच्या शांततेला मी शिस्त समजलो.

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. माझी बायको हर्षाली भाकरी थापत होती. तिनं पेटीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या होत्या. परातीत असा आवाज, जणू दारात बैलगाडी आली! तिनं मान वर न करता विचारलं, "माझ्या कधी उतरवायच्या म्हणताय?" त्या दिवशी मला भाकरी मिळाली, पण कोरड्यास मिळालं नाही.

सकाळी पॅकहाऊसवर बाया नव्हत्या. नवरे होते! गावात निरोप फिरत फिरत असा झाला होता की अमृतनं सगळ्या बायांना विधवा व्हायला सांगितलंय. सगळ्यात पुढं आमच्याकडं कामाला असलेल्या इंद्रायणीचा नवरा गेणभाऊ. तो माझ्यापुढं छाती काढून उभा राहिला.

"अमृतराव, मी जित्ता हाय. हात लावून बघा."

मी खरंच हात लावून बघितला. दुसरं काय करणार? मग मी त्यांना समजावायला औषधाच्या दुकानातून चिकटपट्टीचं बंडल आणलं. बांगड्या काढू नका, वरून ही पट्टी गुंडाळा, असं म्हणून स्वतःच्या मनगटावर करून दाखवलं. माझ्या मनगटात आईनं वडजच्या खंडोबाचा पिवळा दोरा बांधलाय, तेवढा जपून बाजूला सारला. पट्टी काढताना सगळे केस तिच्याबरोबर गेले. मी जो आवाज केला तो ऐकून नवरे पांगले आणि त्यांनी गावात सांगितलं की बायांना करंट देणार आहेत.

आता उरली ठकूबाई. माफी मागायला तिच्या घरी गेलो तर ती उसाच्या बांधाला गेलेली. तिथं ती गवत कापत होती. लुगड्यावर फुल बाह्यांचा पुरुषी शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेल्या. उसाची पात अंगाला कापते म्हणून आमच्याकडे बाया शेतात नवऱ्याचा जुना शर्ट घालतातच. मी मान खाली घालून म्हणालो की माझं चुकलं, मी तुमचा अपमान केला.

ती विळा खाली ठेवून हसली. म्हणाली, "मला आजवर कुनी नमुना म्हनून हुबं केलं न्हवतं, भाऊ." मग हसू जरा ओसरलं. "बाईच्या बांगड्या एकदाच उतरवत्यात. तवा तिला कुनी इचारीत न्हाई. तुमी तरी इचारायचं व्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी उसाच्या कुसळावर ढकललं. तिनं ओळखलं असणार, कारण तिनं विषय बदलला.

"काच पेटीत पडाय नको, एवढंच ना?"

"एवढंच."

तिनं शर्टाची बाही माझ्यापुढं धरली. "मंग ही गुंडी कशाला असती?"

संध्याकाळी ती स्वतः दारोदार फिरली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण सकाळी सगळ्या बाया हजर! आणि काय थाट! काम साहेबांसमोर करायचं म्हणून कुणी जुना शर्ट आणलाच नव्हता. नवऱ्याचा लग्नातला, मुलगी बघायला जाताना घालायचा, जपून ठेवलेला, असे सगळे कडक इस्त्रीचे शर्ट लुगड्यांवर आले होते. मनगटाच्या गुंड्या घट्ट आणि आत बांगड्या सुखात. तिकडं चावडीपाशी गावातले समस्त पुरुष बनियनवर बसले होते. एकाला पाहुण्यांकडं जायचं होतं, तो मला शिव्या घालत घरी बसला.

एवढ्यात इंद्रायणी रडवेली होऊन आली. गेणभाऊचे सगळे शर्ट अर्ध्या बाह्यांचे निघाले होते. तिचे हात तेवढे उघडे, आणि फाटकात साहेबांची जीप वळत होती! मी मागचापुढचा विचार न करता अंगातला शर्ट काढून तिच्या हाती दिला आणि रिकाम्या क्रेटच्या मागं जाऊन उभा राहिलो.

साहेब आले. पेट्या बघितल्या, हात बघितले, बाह्या बघितल्या आणि खूश झाले. एवढ्या बाया बांगड्या झाकायला कशा तयार झाल्या, असं त्यांनी शेठना विचारलं. शेठ अभिमानानं म्हणाले, "आमच्या सुपरवायझरचं ट्रेनिंग झालंय." आणि त्यांनी क्रेट बाजूला सारले.

साहेबांनी मला बनियनवर आपादमस्तक न्याहाळलं. मग त्यांची नजर मनगटावर थांबली. ते म्हणाले की दोऱ्याचे धागे मालात पडतात, हा दोरा काढा.

"नाही," मी म्हणालो.

माझं मलाच नवल वाटलं. शेठ डोळे वटारत होते. साहेबांनी नियम सांगितला. मी म्हणालो की आईनं बांधलाय, तो असा कुणी सांगितलं म्हणून काढायचा नसतो. कात्र्यांचा आवाज बंद झाला होता. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या, आणि आपण कुणाची वाक्यं बोलतोय हे माझ्या हळूहळू ध्यानात यायला लागलं. साहेबांनी पेन उघडलं.

तेवढ्यात ठकूबाई पुढं आली. झाकायला तिच्या हातात काही नव्हतंच. तिनं नवऱ्याचा शर्ट अंगातून काढला, एकदा झटकला आणि मला घातला. लहान पोराला घालतात तसा. दोऱ्यावर बाही ओढून गुंडी लावली. शर्टाला उन्हाचा आणि धुण्याच्या साबणाचा वास होता. साहेबांनी पेन मिटलं.

मग तिनं माझा हात धरून उंच केला.

"बायांनो, ह्यो हात बघा," ती म्हणाली. "परतेकीचा असाच दिसला पायजे."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. त्या माझ्यासाठी नव्हत्या, हे कळण्याइतकं ट्रेनिंग एव्हाना माझं झालं होतं.