वत्सलामावशींची सॅक

सॅक विकत घ्यायला जाताना पिशवीत पाच किलो तांदूळ नेणारी बाई अख्ख्या भोरमध्ये एकच आहे, आणि ती माझी शेजारीण आहे. वत्सलामावशी. वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर तीस वर्षं नर्सबाई म्हणून पायपीट करून गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निवृत्त माणूस तंगड्या पसरून टीव्ही बघतो. मावशींनी जाहीर केलं, "पाली दरवाजानं राजगड चढनार, तोरणा करून रायगडाला चालत जानार. चार दिस लागू दे न्हाईतर पाच. पुढच्या साली गुडघं ऐकायची न्हाईत."

घरात अडवायला दुसरं कुणी नाही. उरला प्रश्न सॅकचा.

दुकानात गेलं की मावशी तांदूळ सॅकमध्ये ओतायच्या, ती पाठीवर टाकून दुकानातल्या माळ्याचा जिना तीनदा चढायच्या-उतरायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. "थांब, पाठीला इचारू दे." पाठीचं उत्तर ठरलेलं. "न्हाई म्हनती. डावा पट्टा घसरतोय. वाकडा शिवलाय."

अशा अकरा सॅक नापास झाल्या. दुकानदार गरीब स्वभावाचा. त्याने एकदा चाळीस लिटरची सॅक दाखवली, तर मावशी म्हणाल्या, "मला काय दूध घालायचंय डेरीला? मोठी दाव!"

मी म्हणाले, "मावशी, चार दिवसांना चाळीस पुष्कळ झाली."

"तुला काय कळतंय? तू हापिसात पंख्याखाली बसती."

अखेर गेल्या आठवड्यात दुकानदाराचाही धीर सुटला. त्याने मावशींना आरशासमोर उभं केलं. "पट्टे सरळ आहेत, मावशी. तुमचाच डावा खांदा उतरलाय."

खरंच उतरला होता. तीस वर्षं लसीची पेटी त्याच खांद्याला अडकवून डोंगर चढल्या होत्या. मी इतकी वर्षं शेजारी राहून ते पाहिलं नव्हतं, याची मला लाज वाटली. मावशी मात्र खो खो हसल्या. "म्हंजी अकरा सॅकांवर उगा आळ घेतला म्या!" दुकानदाराने डावा पट्टा आखूड केला, छातीवरचा आवळला आणि साठ लिटरची सॅक एकदाची पास झाली.

काल मावशी ती भरत बसल्या होत्या. त्यांच्या दोन साड्या आणि टॉवेल एका कोपऱ्यात मावले. बाकी सॅकमध्ये बिस्किटांचे पुडे, केसांच्या पिना, गुडघ्यांना चोळायचं तेल आणि बाळाची टोपडी.

"हे सगळं कुणाला?"

"वाटंतल्या वाड्यांला. शेवंताच्या सासूला तेल. शेवंताच्या लेकीला टोपडं. शेवंता ल्हान असताना तिलाबी मीच पयली लस टोचलेली." मग त्यांचा हात थांबला. "समदी पोरं मला लांबनं बघितली की रानात पळायची गं. कधी कुनी जवळ आलं न्हाई. आता सुई न घेता चाललेय. थांबंल का कोन?"

"थांबतील की," मी म्हणाले, पण माझाच आवाज मला पटला नाही. मग म्हटलं, "मावशी, मी येऊ?"

मावशींनी सॅकमधून स्वतःची एक साडी बाहेर काढली.

"जा, तुजी कापडं आन. हितं बसत्यात."