वाचलेली जागा दाखवा

गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत दोनशे बारा घरं होती आणि प्रत्येक घरात साडेचार फूट लांब, तीन फूट रुंद असं एक स्नानगृह होतं. नकाशात त्याच्या चौकटीत ‘एक इसम, उभा’ अशी नोंद होती. सातव्या इमारतीतल्या आजोबांनी ही नोंद वयाच्या शहात्तराव्या वर्षापर्यंत कसोशीने पाळली. मग एका सकाळी त्यांच्या गुडघ्याने दगा दिला, सावरायला म्हणून त्यांनी नळ धरला आणि नळ हातात आला.

आजोबा घड्याळं दुरुस्त करणारे. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवताना त्यांनी कधी कुणाची मदत घेतली नव्हती. आता त्यांच्या आंघोळीच्या वेळी मुलगा दाराबाहेर उभा राहून मिनिटामिनिटाला “बाबा, आहात ना?” असं विचारू लागला. साबण लावलेल्या तोंडाने आपण असल्याचं कळवणं त्यांना पडण्यापेक्षा जास्त लागलं. स्टूल ठेवून पाहिलं. स्टूल आत असलं की दार लागत नसे आणि दार लावलं की स्टूल मावत नसे. बसावं की अब्रू राखावी, एवढाच प्रश्न उरला.

सून मंडळाच्याच नकाशा विभागात आरेखक होती. तिने मनावर घेतलं. तीन आठवडे घरात पुठ्ठ्याची आसनं तयार होत होती. आजोबा त्यांच्यावर बसून पाहत, पुठ्ठा बसला की उठत आणि बिजागरी कुठे चुकली ते सांगत. अकरावं आसन लाकडी पट्ट्यांचं झालं. एका हाताने खाली ओढलं की उघडे, वर ढकललं की भिंतीला अडीच बोटं जाडीचं होऊन चिकटून राही. पहिल्या दिवशी आजोबा दार लावून चाळीस मिनिटं आत बसले. बाहेर सवयीने उभ्या राहिलेल्या मुलाला त्यांनी आतूनच कामावर जायला सांगितलं.

इथे थांबायला हवं होतं. पण सुनेने कौतुकाने नकाशा कार्यालयात दाखवला. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला, तिची पाठ थोपटली आणि वर टिपण पाठवलं: ‘सदर आसनामुळे प्रति स्नानगृह दीड फूट जागेची बचत होते.’ मंडळाने दोनशे बारा घरांत आसनं बसवली. सुनेला प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर महिन्याभरात दारात एक तपासनीस उभा राहिला. हातात टेप होता.

“वाचलेली जागा दाखवा,” तो म्हणाला.

“ही काय. तुम्ही उभे आहात तीच.”

“ही मूळची. ही नकाशात आहे. मी वाचलेली विचारतोय.”

सुनेने समजावलं की आसन मिटलं की जागा मोकळी होते, उघडलं की भरते. तपासनिसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि लिहिलं, ‘वाचलेली जागा लाभार्थी परस्पर वापरत असल्याचे आढळले.’ प्रत्येक घरी हाच प्रकार निघाला. वाचलेली जागा मंडळाची, तेव्हा ती ताब्यात घेणं ओघानेच आलं. गवंडी आले आणि स्नानगृहांच्या भिंती दीड-दीड फूट आत सरकल्या.

आसन अजून उघडत होतं. मात्र आजोबांचा गुडघा वाकेना, त्यामुळे बसलं की त्यांचा डावा पाय दाराबाहेर येई. दार सामाईक बोळात उघडणारं, म्हणून तिथे चादर बांधून तिच्याआड आंघोळ सुरू झाली. येणारे-जाणारे पायाला वळसा घालून जात आणि ओळख असेल तर नमस्कार करत. आजोबांनी दिवसाआड आंघोळ करायचं ठरवलं. मंडळाच्या अहवालात मात्र आसन बहुतेक घरांत कायम मिटलेलंच राहत असल्याने बचत शंभर टक्के झाल्याचं नमूद झालं.

सुनेने अर्ज केला. सुनावणीत साहेब म्हणाले की आसनात दोष नाही, ते व्यवस्थित दुमडतं. दुमडत नाही तो माणूस. आठवड्याने परिपत्रक निघालं की लाभार्थ्याने आसनाशी सहकार्य करून आवश्यक तेवढे दुमडून घ्यावे. मंडळाचे डॉक्टर घरी आले, त्यांनी आजोबांची दुमडलेली जाडी मोजायचा तीनदा प्रयत्न केला आणि ‘दुमडण्यास अपात्र’ असा दाखला दिला. आजोबांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला. शेवटी साहेबांनी खासगीत वाट सांगितली: सगळ्या रहिवाशांनी सह्या केल्या तर भिंती परत मागे नेता येतील.

सून अर्ज घेऊन दारोदार फिरली. जो तो हळहळला. चहा झाला, आजोबांची चौकशी झाली. सही मात्र कुणी करेना. कारण मंडळाने वाचलेली जागा वाया घालवली नव्हती. एकाच्या स्नानगृहातून सरकलेली भिंत पलीकडच्याचा हॉल दीड फूट मोठा करून गेली होती. कुणी तिथे चपलांचं कपाट ठेवलं होतं, कुणी मुलीचं टेबल, कुणी माशांची काचपेटी. शेजारच्या काकू म्हणाल्या, “तुमचं अगदी खरंय गं. पण मासे आता त्या जागेला रुळलेत.”

सून घरी आली. आजोबांनी अर्ज डोळ्यांजवळ धरून वाचला.

“पहिली सही अर्जदाराची लागते,” ते म्हणाले. “तुझीच नाहीये.”

 सुनेच्या हॉललाही पलीकडच्या घरातून दीड फूट मिळाला होता. तिथे तिचं उतरतं टेबल होतं, चौदा वर्षं जेवणाच्या टेबलावर नकाशे काढल्यानंतर मिळालेलं. त्या भिंतीमागे एक म्हाताऱ्या बाई राहत होत्या. त्यांचे पाय कुठे येत असतील, याचा तिने विचार केला आणि टेबलावरचा दिवा उगाच सरळ केला.

“उद्या करते, बाबा.”

आजोबांनी मान डोलावली आणि चादर बांधायला उठले.

अर्ज अजून त्याच टेबलावर आहे. आजोबांसाठी तुमचा जीव तुटत असेल तर जरूर या. बाहेरच्यांच्या सह्याही मंडळ घेतं. फक्त निघण्याआधी आपला हॉल एकदा मोजून घ्या. दीड फूट जास्त भरला तर यायची तसदी घेऊ नका. इथे कुणी कारण विचारत नाही.