राणीच्या पोटातला गडगडाट

मैत्रिणींनो, शाळेच्या नाटकात सलग तीन वर्षं झाड होऊन चौथ्या वर्षी थेट राणी झालेली माझ्याशिवाय दुसरी कुणी असेल तर तिने हात वर करावा! नाही ना? मग ऐका.

राणी म्हणजे चेहऱ्यावर तेज हवं. ते कसं आणायचं, हे एका व्हिडिओतल्या ताईने सांगितलं होतं. तीन दिवस फक्त हिरवा रस! शरीरातलं सगळं विष बाहेर, गालांवर चकाकी आणि मेंदू आरशासारखा लख्ख! तिसरा दिवस नेमका प्रयोगाचा. योजना इतकी बिनचूक होती की मला माझाच हेवा वाटला.

"कसलं विष?" बाबा म्हणाले. ते नळदुरुस्ती करतात, त्यामुळे त्यांना जगात फक्त पाईप दिसतात. "तुझं यकृत आणि मूत्रपिंडं काय संपावर गेलीयेत? ती चोवीस तास साफसफाईच करतात की!"

"बाबा, तुम्हाला नाही कळायचं."

"चार घास खा आणि मग पी गं बाई तुझं ते शेवाळ!" आई शिलाई मशीनवरूनच ओरडली.

माझा झगा तीच शिवत होती. गळ्याला कडक लेस होती आणि तिथे लावलेला माइक तिच्यावर घासून खरखरायचा. मग आईने डोकं लढवलं आणि पट्ट्याच्या आत, बरोब्बर पोटावर, माइकसाठी एक चोरखिसा शिवला. माइक तोंडापासून लांब गेला, म्हणून नाटकाच्या बाईंनी त्याचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला. काय ती हुशारी! मीच टाळ्या वाजवल्या होत्या.

पहिला दिवस काकडी-पालकावर निघाला. दुसऱ्या दिवशी मला फळ्यापाशी गणिताच्या दोन बाई दिसायला लागल्या. मला एकच झेपत नाही!

"चक्कर येतेय का गं?" रेडिओने विचारलं. रेडिओ म्हणजे माझी वर्गमैत्रीण, चोवीस तास चालू. नाटकात ती वैद्य होती. "काळजी करू नकोस, तुझे सगळे संवाद मला पाठ आहेत!"

कशी करू नको? बाईंनी बजावलं होतं, उद्याच्या प्रयोगात राणी जमली तरच आंतरशालेय फेरीलाही राणी मीच, नाहीतर दुसरी कुणी.

"चक्कर नाही गं, विष बाहेर पडतंय!" मी भिंत धरून म्हणाले.

प्रयोग सुरू झाला. पहिल्याच अंकात मी अशी झोकात मेले की समोर कुणीतरी नाक शिंकरलं! आता आठ मिनिटं नुसतं पडून राहायचं आणि मग भूत होऊन उठायचं, "मी परत आलेय!" तेवढ्यासाठी माइक चालूच होता.

रेडिओने माझी नाडी धरली. "महाराज, राणीसाहेब गेल्या!"

गुर्रर्रर्र!

अख्खा हॉल हादरला. पहिल्या रांगेतलं एक तान्हं बाळ भोकाड पसरून रडायला लागलं.

"गप्प बस ना!" रेडिओ दात आवळून पुटपुटली.

"मी नाही, पोट बोलतंय!" हेही स्पीकरमधून खणखणीत ऐकू आलं.

बाईंनी मदतीला बोलावलेले बाबा दिव्यांपाशी होते. रेकॉर्डिंगमधला गडगडाट झाला की वीज चमकवायची आणि मोठा पंखा सोडायचा, अशी बाईंची ताकीद होती. ती तिसऱ्या अंकासाठी होती, पण बाबा आज्ञाधारक! लख्ख वीज चमकली, पंखा सुटला, महाराजांची दाढी उडाली आणि थेट माझ्या नाकावर येऊन बसली. मेलेली राणी लागोपाठ तीनदा शिंकली!

त्यात वीज म्हणजे दासींना मेजवानी आणायची खूण. दोन दासी फळांचं भलंमोठं ताट घेऊन लगबगीने आत आल्या. वाटेत प्रेत बघून गांगरल्या आणि ताट माझ्या कानाशीच ठेवून पळाल्या.

केळी. खरीखुरी, पिकलेली! माझा हात मी हलवला नाही हो, तो आपला आपण गेला.

महाराज संवादच विसरले. "वैद्यराज, मेलेली माणसं... खातात?"

"शेवटची इच्छा असेल, महाराज!" रेडिओ म्हणाली.

शिट्ट्या, टाळ्या, नुसता कल्लोळ! मी ताडकन उठून गरजले, "मी पवत आवेय!" तोंड भरलेलं होतं.

पडदा पडल्यावर बाबा आले. "मी ओळखलंच होतं. पाईपात हवा अडकली की अस्साच आवाज येतो. पण म्हटलं, बाईंनी काहीतरी नवीन बसवलं असेल!"

पाठोपाठ बाई आल्या, डोळे पुसत. हसून की रडून, ते कळेना.

"पुढच्या फेरीला राणी रेडिओ," त्या म्हणाल्या.

माझा चेहरा पडला. तेज-बिज सगळं गेलं.

"पण तू हवीसच! पडद्यामागे, गडगडाटाला. आपल्या रेकॉर्डिंगपेक्षा शंभरपट खरा आहे तुझा." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आणि हो, त्या दिवशी जेवून येऊ नकोस!"

मी नुसती मान डोलावली. बोलणार कशी? तोंडात चौथं केळं होतं.