उकळत्या पाण्यातली मंडळी

शालिनीताई सबनीस आमच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा हॉलमध्ये न बसता थेट स्वयंपाकघरात शिरल्या. गॅसवर चहाचं आधण उकळत होतं. त्यांनी वाकून पातेल्यात पाहिलं आणि पाळण्यात डोकावावं तशा हसल्या.

"आमच्या मंडळींना यात काय सुख वाटलं असतं!"

माझ्या बायकोने, मेधाने, घाईघाईने पातेल्यावर झाकण ठेवलं.

ही मंडळी म्हणजे जंतू. उकळत्या झऱ्यांत, आम्लात, समुद्राच्या तळच्या काळोखात, जिथे आपण क्षणभर टिकणार नाही तिथे संसार थाटून बसलेले. ताई टोकियोतल्या एका प्रयोगशाळेत त्यांचा अभ्यास करत. मला बँकेने जपानला पाठवलं, तेव्हा टोकियोलगतच्या ग्योतोकूतल्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर राहत होत्या. मूळच्या डोंबिवलीच्या, एकट्या, पन्नाशी उलटलेल्या. पाठीला कायम सॅक, आणि तिच्यात काय असेल हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या : मंडळी आणि मध्यमवर्गीय. आपण सगळे मध्यमवर्गीय. "वीस ते चाळीस डिग्री, बास! जरा वर-खाली झालं की तुमची कुरकुर सुरू." ऑगस्टमध्ये तोझाई लाईनच्या लोकलगर्दीतून पिळून निघालेला मी लिफ्टमध्ये दिसलो, की त्या नुकतीच आंघोळ करून आल्यासारख्या टवटवीत चेहऱ्याने विचारत, "काय, मध्यमवर्गीय? उकडतंय?"

मेधाच्या आईने पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्याला एकदा बुरशी आली. मेधा रडायच्या बेतात. ताईंनी बरणी उजेडात धरली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अभिनंदन! एवढ्या मिठात आणि आंबटात कुणी पाय रोवलाय, म्हणजे चेष्टा नाही." बरणी अर्थातच सॅकमध्ये गेली.

एकदा आम्ही त्यांच्याबरोबर डोंगरातल्या गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. आम्ही युकाता, म्हणजे तिथले सुती झगे, घालून शांतपणे डुंबायच्या तयारीत, आणि ताई झरा जिथून फुटतो तिथे उकिडव्या बसून लांब दांड्याच्या चमच्याने पाणी थर्मासमध्ये भरताहेत. तिथल्या सराईची मालकीण धावत आली. ताई उठल्या, कमरेत वाकल्या आणि अस्खलित जपानीत म्हणाल्या, "तुमच्याकडे फार उत्तम जंतू आहेत." बाईंचा चेहरा पांढरा पडला. मग मॅनेजर आला. वाकून वाकून माफी मागू लागला. तो जितकं वाकेल तितक्या ताई जंतूंची आणखी स्तुती करत. त्या सराईकडे आम्ही पुन्हा फिरकलो नाही.

आमची इरा तिथल्याच बालवाडीतली. मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देणारी. तिने ताईंचं नाव ठेवलं 'बाइकिन-ओबासान', म्हणजे जंतूमावशी. ताई इतक्या खूश झाल्या, की शेजाऱ्यांनाही त्यांनी तेच नाव सांगायला सुरुवात केली.

मग दोन हजार अकराचा भूकंप झाला. घर शाबूत राहिलं, पण पायाखालची जमीन त्यानंतर कितीतरी दिवस हलत होती. ठरवून वीज बंद ठेवत, दुकानांत पाणी मिळेना, अणुभट्टीच्या बातम्या. आपली माणसं मिळेल त्या विमानाने परतू लागली. बँकेने आम्हाला ओसाकाला हलवलं. निघताना मेधाने ताईंना गळ घातली, "चला ना आमच्याबरोबर."

"मी कशी येऊ? लॅब बंद आहे. मंडळींना घरी आणलंय, गोधडीत गुंडाळून ठेवलंय. वीज गेली की त्यांना ऊब कोण देणार?"

ओसाकात हा किस्सा मी कितीजणांना सांगितला! जंतूंना गोधडी! सगळे खो खो हसत.

परत आलो तेव्हा ताई बारीक झाल्या होत्या, बाकी तशाच. तळमजल्यावरच्या सातो-सान नावाच्या म्हाताऱ्या बाई मात्र दिसल्या नाहीत. त्यांची बहीण उत्तरेला समुद्रकाठी राहायची, ती सापडत नव्हती एवढं आम्हाला जाताना कळलं होतं. "सापडली," ताई म्हणाल्या. "एका शाळेत आसऱ्याला होती. घर गेलं, पण जिवंत आहे. सातो-सान तिच्याजवळ राहायला गेल्या, कायमच्या."

पुढे गणपतीत ताई आणि त्यांचे सहकारी मोरी-सान आमच्याकडे जेवायला आले. मी हौसेने गोधडीचा किस्सा सांगितला. ते गोंधळले.

"पण जंतूंच्या बाटल्या तर लॅबच्या फ्रिजमध्ये होत्या. मीच ठेवल्या. ते जंतू थंडीत मरत नाहीत, नुसते झोपतात. वर्षानुवर्षं."

"मोरी-सान, भात घ्या," ताई करड्या आवाजात म्हणाल्या.

ते गेल्यावर मेधाने हळूच विचारलं, "सातो-सानसाठी थांबला होतात?"

ताईंनी उदबत्तीची राख बोटाने एका बाजूला सारली.

"फोनजवळून हलत नव्हती गं ती. जमीन हलली की माझा हात धरायची. 'तुमच्यासाठी थांबते' असं तिला म्हटलं असतं, तर तिने थांबू दिलं नसतं. दुसऱ्याला त्रास नको, असं या लोकांचं. जंतूंसाठी म्हटल्यावर तिला बरं वाटलं. उलट मलाच सूप करून घालायची."

"पण तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की." त्या हसल्या. "पण जाणार कुठे होते? आई गेली, डोंबिवलीचं घर भावाने विकलं. विमानतळावर उतरून टॅक्सीवाल्याला काय पत्ता सांगायचा? इथे निदान खाली एकजण माझी वाट बघत होती. बहीण सापडल्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी अगदी नाचलो. आठवड्याने मीच तिला स्टेशनवर सोडून आले."

मग त्या उठल्या, पदर सारखा केला. दाराशी जाऊन थांबल्या.

"मेधा, उद्या इराला पाठवशील का वर? शिरा करीन म्हणते." आणि चपलांत पाय सरकवत, आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "एकटीपुरता काही तो नीट होत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही गेलो.