वरताळ्याचा फोटो

आमच्या शेजारचे नेहेतेकाका लग्नाला जाताना घरून डबा घेऊन जातात. तीन पुडांचा, स्टीलचा, मिलच्या दिवसांतला डबा. नवख्या माणसाला वाटतं, पथ्य असेल. एका वरबापानं तर मांडवाच्या दारातच हात जोडले होते, "काका, आमच्याकडे बिनतिखटाचं वेगळं केलेलं आहे, डबा कशाला आणला?" काकांनी डबा उघडला. वरच्या पुडात काहीच नव्हतं. मधल्यात दाढीचा ब्रश होता. खालच्या उंच पुडात पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा होता.

कॅमेरा रोलचा आहे. चांगला चाळीस वर्षांचा, जपानी, आणि आकारानं इतका आटोपशीर की पुडात बसून वर बोटभर जागा उरते. काका मिलमध्ये फिटर होते. बाहेरदेशची यंत्रं बसवायला आलेल्या एका इंजिनिअरनं जाताना तो त्यांना दिला. काका सांगतात, "त्यानं म्हटलं, हे खेळणं समजणाऱ्या माणसाच्या घरात राह्यलं पाह्यजे." एवढं वाक्य तो इंजिनिअर कोणत्या भाषेत बोलला असेल, हे मी कधी विचारलं नाही. काकांना फक्त दोन भाषा येतात, आमची मराठी आणि आमची हिंदी, आणि दोन्ही एकाच वाक्यात येतात.

या कॅमेऱ्याचं काकांच्या लेखी मोठेपण एकच: "सेल लागत नाही." उजेड किती आहे ते दाखवणारी एक सुई आत आहे, तेवढीच सेलवर हलते. तो सेल बाजारातून गेल्याला जमाना झाला. "सुई मेली, मशीन जिती आहे," असं म्हणून काका हाताचा पंजा उन्हात धरतात, जमिनीवरची सावली बघतात आणि दोन चकत्या फिरवतात. आजवर एकही फोटो काळा निघालेला नाही.

'सेल लागत नाही' हे मग माणसांनाही लागू झालं. समोरच्या गल्लीतली पंच्याऐंशीची आजी अजून स्वतःचं पाणी स्वतः भरते. तिच्याकडे बोट दाखवून काका म्हणतात, "पाह्य मास्तर, सेल लागत नाही तिले." मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून मी मास्तर. माझी गणना मात्र दुसऱ्या जातीत. "तू सेलवाला माणूस. सकाळी चार्ज, संध्याकाळी खलास." यात खोटं काही नाही. मला मोबाइलवर टिपायची खोड आहे. राजघाटावर गेलो की तापीचे चाळीस फोटो काढल्याशिवाय मला पाणी दिसत नाही. मावा जिलेबीची प्लेट आली की आधी तिचा फोटो, मग खाणं, आणि तोवर ती निवलेली असते. आमची सुनंदा, म्हणजे माझी बायको, यावर जे बोलते ते इथं लिहीत नाही.

आता रोल मिळणं दुरापास्त झालंय. इंदूरला काकांचा पुतण्या आहे, तो वर्षाला एक रोल पाठवतो. एक रोल म्हणजे छत्तीस फोटो. काकांचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. भागाकार सोपा आहे, महिन्याला तीन. काकांकडे फ्रीज नाही, म्हणून नवा रोल आमच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी राहतो. त्यामुळे त्या रोलवर आमचाही थोडा हक्क आहे, असं सुनंदाला वाटतं. काकांना वाटत नाही.

महिन्याला तीन म्हटल्यावर आमच्या मोहल्ल्यात, सिंधीपुऱ्यात, अर्ज यायला लागले. खकनारकडचा एक केळीवाला शेतकरी मोटरसायकलवर स्वतःच्या उंचीचा घड बांधून आला होता. काकांनी त्याला ओट्यावर उभा केला आणि ढग सरकेपर्यंत अर्धा तास तसाच ठेवला. मग एकदाच 'खट्'. फोटो असा निघाला की तो शेतकरी अजून दर हंगामाला फणी पाठवतो. उलट एका पुढाऱ्याचे डोळे नेमके मिटले. त्यानं "काका, एक और" म्हटल्यावर काका कॅमेरा डब्यात ठेवत म्हणाले, "डोळे तुमचे, फोटो माझा. माझ्याकडून चूक नाही झाली."

छत्तीस ही रीतसर संख्या. पण रोल नीट, हळू हाताने, पट्टी वाया न घालवता भरला, तर छत्तीसनंतरही कॅमेऱ्याचा खटका एकदा पुढे सरकतो. सदतिसावा फोटो निघतो. काका त्याला 'वरताळा' म्हणतात. भाजीवाली तोलून झाल्यावर दोन मिरच्या वर टाकते ना, तो वरताळा. "वरताळा मागायचा नसतो," काका म्हणतात, "देणाऱ्याच्या मनात आलं तर भेटतो." त्यांचा स्वतःचा वरताळा कोणाला भेटलेला मी पाहिला नव्हता. तो संध्याचा असे.

संध्या ही त्यांची एकुलती एक मुलगी, मस्कतला असते. काकू गेल्यापासून काका एकटेच. आखाजीला लेकी माहेरी येतात, म्हणून रोलचा शेवटचा फोटो आखाजीला, संध्याचा. ती दोन-तीन वर्षांतून एकदा येते. न आली तर सदतिसावा फोटो कोराच इंदूरला धुवायला जातो. दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करते. काका फोन कानाला लावून बोलतात, त्यामुळे तिला तासभर बापाचा कान दिसतो. मी किती वेळा फोन समोर धरून दिला. दोन मिनिटांत तो परत कानाला.

काकांचं आणखी एक विचित्र होतं, आणि त्यापायी अर्धं गाव त्यांच्यावर चिडून होतं. लग्नात ते दोन तास कॅमेऱ्याला डोळा लावून बसणार, आणि अंतरपाट खाली आला की नेमका कॅमेरा खाली घेऊन डोळे फाडून बघत राहणार. अंतरपाटाआधीचा फोटो आहे, नंतरचा आहे, तेवढाच नाही! मी एकदा विचारलंच.

"मशीनचा दोष आहे," काका म्हणाले. "यात आरसा आहे. तुले जे दिसते ते आरशातून दिसते. बटन दाबलं का आरसा वर उठतो, उजेड फिलमवर जातो, अन् तुझ्या डोळ्यापुढे अंधार. मतलब काय? जो फोटो निघाला, तेवढाच तुले दिसला नाही."

"अहो, पण सेकंदाचा साठावा हिस्सा तो!"

"साठावा हिस्सा लय असतो, मास्तर," म्हणाले आणि चहा ओतायला आत गेले.

यंदा आमच्या लेकीचं, प्राचीचं, लग्न ठरलं. तारीख आखाजीच्या चार दिवस आधीची. मांडवात ड्रोन होता, दोन व्हिडिओवाले होते, पण पोरीनं हट्ट धरला: निघतानाचा एक फोटो नेहेतेआजोबांच्या कॅमेऱ्यातला पाहिजे. मी रुबाबात ओट्यावर गेलो. इतक्या वर्षांचा शेजार, शिवाय फ्रीज आमचा.

"छत्तीस झाले," काका म्हणाले.

चौकशी केली तर छत्तिसावा फोटो मागच्याच आठवड्यात बकरीच्या जुळ्या पिल्लांवर गेला होता. हे मला फार लागलं. मी भीत भीत म्हटलं, "आणि वरताळा?"

काकांनी डबा फळीवर मागे सरकवला. "संध्या येऊन राह्यली आखाजीले. तीन वर्षांनी. तो नाही, मास्तर. राग नको मानू."

मी राग मानला. दोन दिवस त्यांच्याकडे चहाला गेलो नाही. माझ्या लेकीपेक्षा बकरी जवळची, असं सुनंदाला चार वेळा ऐकवलं. ती म्हणाली, "बकरीनं मागितला नव्हता."

लग्नाला काका आले, डब्यासकट. माझ्या मनात थोडी आशा हलली, पण दिवसभर डबा बंदच राहिला. पाचच्या सुमाराला प्राची निघाली. फुलं लावलेली गाडी दारात उभी. सुनंदा रडत होती, बहिणी रडत होत्या, आणि मी मोबाइल वर धरून सगळं टिपत होतो. गर्दीचे धक्के लागत होते म्हणून चित्र हलत होतं, आणि चित्र हलतंय याचीच मला काळजी. पोरगी गळ्यात पडली तेव्हाही माझा एक हात वर होता. आता लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं खरं.

ती गाडीकडे चालायला लागली. तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. बघतो तर काका, गळ्यात कॅमेरा. त्यांनी तो डब्याच्या वरच्या पुडात टाकला आणि झाकण लावलं.

"हे राहू दे. तू पाह्य. आंधळं व्हायले मी आहे."

मी पाहिलं. प्राचीनं गाडीच्या दारावर हात ठेवला आणि मागे वळली. तिच्या कपाळावरच्या मुंडावळीची एक सर केसात अडकली होती. ओठ गच्च मिटलेले. पाच वर्षांची असताना शाळेच्या दारात सोडलं तेव्हा अगदी अशीच बघत होती माझ्याकडे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. बाजूला कुठेतरी 'खट्' झालं. गाडी गेली.

माझ्या फोनमध्ये अजून वीस मिनिटांचा व्हिडिओ आहे. नुसता काळोख, स्टीलच्या डब्याच्या आतला, आणि बाहेरून येणारी रडारड.

मांडवात खुर्च्या गोळा होत होत्या. मी काकांशेजारी जाऊन बसलो. "काका, वरताळा गेला तुमचा. संध्याचा होता तो."

काका ब्रशनं कॅमेऱ्याचं भिंग झाडत होते. "माझ्या घरात फोटो आहे ना, संध्या सासरी निघताना गाडीपाशी वळून पाह्यते तो? तू दरवेळी म्हणतो, काय फोटो आहे! आहेच. ती वळली अन् मी बटन दाबलं. आरसा उठला. खाली आला तोवर तिनं तोंड फिरवलं होतं." त्यांनी भिंगावर फुंकर मारली. "सगळ्यायनं पाह्यलं, मास्तर. फोटो पाहणाऱ्यानं बी पाह्यलं. मी नाही पाह्यलं."

तो फोटो मी किमान शंभर वेळा नावाजला असेन. दरवेळी काका चहा ओतायला का उठायचे, ते तेव्हा कळलं, आणि स्वतःचीच चीड आली.

आखाजीला संध्या आली. सकाळीच मी फ्रीजमधला नवा रोल घेऊन ओट्यावर हजर. "काका, भरा पटकन. आता छत्तीसच्या छत्तीस तिचे काढा."

"राहू दे थंड," काका म्हणाले. मी रोल परत कोथिंबिरीशेजारी ठेवला. संध्या पंधरा दिवस राहिली. रोज आमरस झाला, गल्लीभर तिच्या गप्पा झाल्या. डबा फळीवरच होता.

तिच्या निघण्याच्या आदल्या दिवशी इंदूरहून फोटो धुऊन आले. शेवटचा हातात घेतला आणि मी चक्रावलो. प्राची त्यात नव्हतीच! मी होतो. तोंड अर्धवट उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, गाल ओले, आणि नजर समोर कुठेतरी. इतका बावळट मी आयुष्यात कोणत्याच फोटोत दिसलो नव्हतो. मी व्हिडिओ कॉलवर प्राचीला तो दाखवला. हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, हा मला पाठवा. मोबाइलवरून नाही, हाच."

संध्यानंही तो फोटो बराच वेळ हातात धरला. मग हळूच म्हणाली, "प्राची लकी आहे, मास्तरकाका. मी वळले होते ना, तर मला बाबा दिसलेच नाही. कॅमेराच दिसला फक्त."

नेहेतेकाका आतल्या खोलीत तिच्यासाठी पापड बांधत होते. त्यांना हे ऐकू गेलं की नाही, मी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा आली. संध्यानं वाकून नमस्कार केला, सामान ठेवलं, आणि आत बसता बसता मागे वळली. काका ओट्यावर उभे होते. हात मोकळे. त्या मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ते सदऱ्याला पुसले, परत पुसले. पण नजर हलवली नाही. रिक्षा वळून गेली तरी ते तिथंच होते.

मी जवळ गेलो.

"पाह्यलं, मास्तर," ते म्हणाले. "साठावा हिस्सा बी नाही सुटला."