साळवेमामांचे दोन काटे

आमच्या शेजारचे साळवेमामा गाणं ऐकत नाहीत, बघतात. ॲम्प्लिफायरसमोर पाट मांडून बसायचं, दोन काचांमागचे दोन काटे आवाजाबरोबर कसे उडतात ते टक लावून बघायचं आणि मधूनच मान डोलवायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा चळला. नंतर कळलं की म्हातारा ठार बहिरा आहे. चळलेला तर आहेच.

जाफराबादेत तीस वर्षं मामांची साऊंड सर्व्हिस होती. लग्न, जयंती, सप्ताह, पुढाऱ्याची सभा, सगळीकडे कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून राहून कान गेले. मामांना हे मान्य नाही. "माहे कान बराबर हायेत, लोकच हळू बोलून राह्यले," असं ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतात. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे कागदावर लिहायचं. मी शाळामास्तर, म्हणून गल्लीने हे काम माझ्या गळ्यात घातलं. मी लिहिलेलं वाचून मामा आधी माझ्या अक्षराला नावं ठेवतात आणि मग उत्तर देतात.

तो ॲम्प्लिफायर त्यांनी जालन्याच्या एका बंद पडलेल्या टॉकीजमधून आणलेला. उचलायला दोन माणसं लागतात. "जपानी माल हाये, सर. जपान्यानं काटा दिला, तो उगंच दिला का?" जपान्याला साळवेमामांचे कान जाणार हे आधीच ठाऊक होतं, असं त्यांचं ठाम मत आहे.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीत तारेवर तार पडली आणि घराघरांत जास्तीचा करंट घुसला. आमचा फ्रीज गेला, समोरच्यांचा टीव्ही गेला आणि मामांचे दोन्ही काटे गेले. बाकी ॲम्प्लिफायर ठणठणीत. गाणं वाजायचं, सगळ्यांना ऐकू यायचं, फक्त मालकाला पत्ता नसायचा.

तेव्हापासून मामांना जगात काट्यांशिवाय काही दिसेना. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला आणि चिंतेने कागदावर लिहिलं, 'खूप वाढलाय.' मामा म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. ह्या मशीनचा काटा इकता का?" एसटीत ते ड्रायव्हरच्या मागे उभे राहून वेगाच्या काट्याकडे बघत. तो शून्यावरच असे. "काटा मरेल हाये तरी एसटी चालती," ते कडवटपणे म्हणत. "माहं तसं न्हाई." कुणीतरी स्टॅबिलायझरचा काटा आणून दिला, तर तो परत केला. "हा म्हशीसारखा हाये. उठायलाच येळ लावतो. गाणं सरंल तवर हा बसेलच ऱ्हातो!"

एक काटा मिळाला तरी चालणार नव्हतं, जोडीच हवी होती. "औताला एक बैल तरणा अन् एक म्हतारा जुंपला की तास वाकडंच जातं." पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने हाताच्या पंजाएवढा ब्लूटूथ स्पीकर पाठवला आणि 'ते धूड आता भंगारात घाला' असं कळवलं. मामांनी स्पीकर चारी बाजूंनी फिरवून पाहिला. "याला काटा कुठाय?" तो आता त्यांच्या मोरीचं दार अडवायला असतो.

शेवटी भंगाराचीच वेळ आली, पण उलटी. जालन्यात लोखंड वितळवायला देशभरचं भंगार येतं. तिथं कुठंतरी आपली जोडी भट्टीची वाट बघत पडली असणार, हे मामांच्या डोक्यात बसलं. कागद-पेन घेऊन सोबत मी. सलग तीन रविवार आम्ही ढिगारे उकरले. भंगारवाले रऊफभाई वैतागून म्हणाले, "अरे मामू, शादी के वास्ते भी इत्ता नै देखते लोगां!" मी ते लिहून दाखवलं. मामा म्हणाले, "त्याला म्हणा, शादी बिघडली तरी चालती."

तिसऱ्या रविवारी हात हलवत परत निघालो आणि एसटीत माझा तोल सुटला. मी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आता पुरे. जुनी गाणी बघून काय मिळणार?'

मामांनी ते दोनदा वाचलं. या वेळी अक्षराला नावं ठेवली नाहीत.

"गाण्यांसाठी न्हाई, सर. शकूसाठी."

शकूबाई म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी वारली. गल्लीने तिचा आवाज फारसा ऐकलेला नव्हता.

"शकू लई गायची," मामा म्हणाले. बहिऱ्या माणसाला हळू बोलणं जमत नाही, त्यामुळे अख्खी एसटी ऐकत होती. "जयंतीला तिचं गाणं असलं की धा गावचे लोक यायचे. मंग लोक मला शकूबाईचा नवरा म्हणाया लागले. एक डाव भर कार्यक्रमात म्या तिच्या माईकचं बटन खाली केलं. तिचं तोंड हालून राह्यलं अन् काटा खाली पडेल व्हता. लोकांना वाटलं, बाईचा आवाज बसला. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् बराबर समजली. मंग कव्हाच गायली न्हाई."

मला मामांचा भयंकर राग आला. या माणसासाठी मी तीन रविवार भंगार उकरलं?

"काटे गेले अन् मंग तिच्या पेटीत कॅसेट घावली. वर तिच्या हातानं लिव्हेल हाये, 'ह्यांच्यासाठी'. गायली, सर, ती. मरायच्या आंदी माह्यासाठी गायली."

मी लिहिलं, 'द्या मला, ऐकून सांगतो.'

"न्हाई," मामा म्हणाले. "आंदी म्या पाह्यणार."

राग गेला नाही, पण चौथ्या रविवारी मी पुन्हा गेलो. रऊफभाईंनी तसल्याच एका ॲम्प्लिफायरचा पेटारा बाजूला काढून ठेवला होता. पत्रा चेपलेला, आतलं तांबं कुणीतरी ओरबाडून नेलेलं, पण दोन्ही काचा काट्यांसकट शाबूत. मामांनी घरी येऊन स्वतःच्या हाताने तारांना कथलाचे डाग दिले आणि काटे बसवले. दोनदा बोट भाजलं.

संध्याकाळी पाच वाजता त्यांनी कॅसेट लावली आणि आवाजाचं बटण टोकापर्यंत फिरवलं. "सगळ्या गल्लीला ऐकू द्या," म्हणाले. "येवढं तरी करतो."

थोडी खरखर झाली आणि शकूबाईंचा आवाज आला.

"वाजून राह्यलं का हे? तुम्हाला आता ऐकू येत न्हाई, म्हणून बोलते. कान व्हते तव्हा तुमी एक डावबी माहं ऐकलं न्हाई."

काटे उडाले. दोन्ही एका तालात. मामांनी माझा हात घट्ट धरला.

"त्या दिवशी माईक खाली केला तुमी. म्या गात राह्यले शेवटपर्यंत. घरी आल्यावर तुमी एक शबूद बोलले न्हाई, भाकर मागितली. म्या वाढली."

मी बटणाकडे हात नेला. मामांनी तो झटकला. त्यांचं सगळं लक्ष काट्यांवर होतं आणि दुसऱ्या हाताने ते मांडीवर ठेका धरत होते.

"तुमचे कान गेले तव्हा लोक हळहळले. म्या लई प्रयत्न केला, पन मला वाईट वाटंना. हे कोनाला तरी सांगायचं व्हतं."

दारात गल्ली जमली होती. दोघी-तिघी पदराने डोळे पुसत होत्या. मामांनी वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा सर! कशे आलेत ऐकाया!" ते ओरडले. "कोन्तं गाणं गाऊन राह्यली?"

माझ्या हातात कागद होता, पेन होतं. मी 'जुनं आहे' एवढंच लिहिलं.

"झालं माहं," शकूबाई म्हणाल्या. खट्ट आवाज झाला आणि काटे एकदम खाली पडले. मामा रिकाम्या काचांकडे बघत बसले. मग उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आमच्याकडे बघत होते, आम्हीही वाजवाव्यात म्हणून.

आधी मी वाजवल्या. मग गल्लीतल्या चार-दोन बाप्यांनी वाजवल्या. बायांपैकी एकीनेही हात उचलला नाही. माझी बायको त्यांच्यात पुढेच उभी होती आणि टाळ्या वाजवणाऱ्या माझ्याकडे बघत होती.